सईची गाडी मी दुरुस्त केली

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर माझ्या नावाची एक कायमची नोटीस आहे. पाणी बंद असल्याच्या, लिफ्ट बंद असल्याच्या नोटिसा येतात आणि जातात, माझी मात्र काचेच्या आत, चारही कोपऱ्यांना पिना मारून ठेवलेली. 'पोडियमवर वाळवण घातलेले असताना श्री. परब (१४०३) यांनी कोणतेही यंत्र सुरू करू नये.' खाली चेअरमनची सही आणि शिक्का. नवे भाडेकरू आले की आधी ती नोटीस वाचतात आणि मग माझ्याकडे बघतात.

तर ते यंत्र म्हणजे माझ्या मुलीची, सईची, डर्ट बाइक. चिखला-मातीत उड्या मारायची गाडी. सई एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांचं रक्त तपासते आणि सुट्टीच्या दिवशी पनवेलच्या पुढे एका मैदानात जाऊन आमचं रक्त आटवते. ही सेकंडहँड गाडी तिने माहीमच्या पास्कल अंकलकडून घेतली. पास्कल अंकल म्हणजे तिचे मेकॅनिक, गुरू आणि देव (ह्या यादीत बापाचा नंबर कितवा, हे मी कधी विचारलं नाही).

गाडी पहिल्यांदा टेम्पोतून उतरली तेव्हाच मला धक्का बसला. नंबर प्लेट नाही, लाइट नाही, आणि हॉर्न नाही!

"हॉर्न नाही?" मी विचारलं.

"पप्पा, मैदानात कोणाला वाजवायचा?"

आता हा काय प्रश्न झाला? मी लालबागमध्ये जन्मलो, लालबागमध्ये वाढलो. हॉर्न कोणाला वाजवायचा असा विचार करून आमच्याकडे कोणी हॉर्न वाजवत नाही. शिवाय मी मंडळाच्या लायटिंगचा प्रमुख. सलग अठरा वर्षं! (दोनदा अख्ख्या गल्लीचा फ्यूज उडाला, पण ते पावसामुळे.) माझ्या घरात बिनलाइटची गाडी उभी राहते म्हणजे सोनाराच्या बायकोने काळी पोत घालून फिरण्यातलाच प्रकार. मी ठरवलं, पोरीला सरप्राइज द्यायचं.

सईची पहिली शर्यत रविवारी होती. मुलींच्या गटात आठच जागा, त्यातली एक तिला मिळालेली. त्यासाठी ती वर्षभर दर रविवारी पहाटे उठून जात होती. ह्या रविवारी गाडी रेषेवर उभी नसली, तर पुन्हा पुढच्या वर्षी. आणि त्याच्या आधीच्या रविवारी, सई आणि माझी बायको वैशाली लग्नाला गेलेल्या असताना, मी मंडळाच्या माळ्यावरून दोन फोकस आणलेले, एक ट्रकचा हॉर्न आणलेला आणि सगळं तिच्या गाडीला जोडलेलं.

काय उजेड पडला सांगू! पार्किंगमधली मांजरं जागी झाली. हॉर्न दिला तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. पाच मिनिटं असं वैभव होतं. मग खोबरं करपल्यासारखा वास आला, फोकस पिवळे झाले, लाल झाले, गेले. गाडी फुस्स करून बंद पडली ती पडलीच. मी शांतपणे सगळ्या वायरी काढल्या, गुंडाळून आमच्या पोटमाळ्यावर टाकल्या, हात धुतले आणि टीव्ही लावून बसलो. (निर्दोष माणूस रविवारी दुपारी टीव्हीच बघतो.)

बुधवारी सईने किक मारली. दहा मारल्या, वीस मारल्या. मग तिने पास्कल अंकलना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. अंकल भाचीच्या लग्नासाठी वसईला गेलेले, मागे बँड वाजत होता.

"स्पार्क येते काय?"

"नाही अंकल."

"मग स्टेटर गेला मॅन! पण असाच कसा जाईल? कोणी लाइटबिट लावली काय त्याच्यावर?"

सईने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"नाही अंकल," ती म्हणाली.

"बघ, त्याच्यातली तार जळली असणार. वाइंडिंगला दिला तर आठ दिवस लागतील. मी सोमवारी येतो. तोपर्यंत एकच कर. तुझ्या डॅडीला हात लावू देऊ नको."

हे शेवटचं वाक्य नसतं तर कदाचित पुढचं काही घडलं नसतं. पण अठरा वर्षांचा लायटिंग प्रमुख आणि हात लावायचा नाही? पोरीचा चेहरा एवढासा झालेला. तो माझ्यामुळे झालाय हे फक्त मला माहीत, आणि ते पोटात असं टोचत होतं की मी ताडकन उठलो.

"सई! स्टेटर आपण घरी भरायचा!"

स्टेटर म्हणजे काय ते मला त्या क्षणी माहीत नव्हतं. पण उत्साहाला माहितीची काय गरज? मग मोबाइलवर व्हिडिओ बघून कळलं. इंजिनाच्या डाव्या बाजूला झाकणाच्या आत एक गोल प्लेट असते, तिच्यावर तांब्याच्या तारेच्या कॉइल. तिच्याभोवती लोहचुंबकाचं जड चाक फिरतं आणि त्यातून वीज तयार होते. ती वीज प्लगमध्ये ठिणगी पाडते आणि गाडी चालते. माझ्या फोकसनी ती तार जाळली होती. नवीन तार गुंडाळायची, प्लेट परत लावायची, संपलं! मंडळाच्या माळा सोडवण्यापेक्षा सोपं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही गाडी लिफ्टमधून चौदाव्या मजल्यावर आणली. खाली पार्किंगमध्ये इंजिन उघडायला चेअरमन पेडणेकरांची मनाई आहे. गाडी लिफ्टमध्ये आडवी मावेना, म्हणून मागच्या चाकावर उभी केली आणि मी तिला मिठी मारून उभा राहिलो. लिफ्ट नेमकी प्रत्येक मजल्यावर थांबली. दार उघडायचं, बाहेरचा माणूस आम्हा दोघांना बघायचा आणि म्हणायचा, "जा तुम्ही, मी नंतर येतो."

हॉलमध्ये जुनी चादर अंथरून सईने झाकण उघडलं आणि ते लोहचुंबकाचं चाक काढलं. आत ती प्लेट दिसली, काळीकुट्ट.

"पप्पा, ही प्लेट तीन स्क्रूंवर आहे. सैल केली की फिरते. जराशी इकडे-तिकडे बसली की ठिणगीची वेळ बदलते. म्हणून काढायच्या आधी खूण करून ठेवायची. मार्कर आणा."

मी मार्कर शोधला. आमच्या घरात मार्कर लागतो तेव्हा मिळत नाही. वैशालीची नेलपॉलिश मागितली, तर तिने असा कटाक्ष टाकला की मी विषय सोडला. सई फोनवर बोलायला आत गेली. तेवढ्यात मला देव्हाऱ्यावर करंडा दिसला आणि डोक्यात प्रकाश पडला. गुरुवार, चांगला दिवस, नवीन काम! कुंकू जरा ओलं केलं आणि बोटाने झकास रेघ ओढली, अर्धी प्लेटवर, अर्धी इंजिनावर. उद्या परत लावताना दोन्ही अर्ध्या रेघा समोरासमोर आणायच्या की झालं. खूणही झाली, पूजाही झाली. सई बाहेर आली, तिने ते बघितलं आणि मोबाइल काढून काहीतरी करत बसली. मग आम्ही प्लेट काढली.

शुक्रवारी मी रजा टाकली. लोहारचाळीतून तांब्याची तार आणली, केसासारखी बारीक. चटईवर बसलो आणि पहिली कॉइल गुंडाळायला घेतली. अर्ध्या तासाने माझ्या हातात जे होतं ते वाटीतल्या शेवयांसारखं दिसत होतं.

आई सोफ्यावर मिरच्यांचे देठ काढत बसली होती. माझी आई पंचाहत्तरीची. परळच्या एका मिलमध्ये वाइंडिंग खात्यात बावीस वर्षं काढलेली. सुताच्या बॉबिना भरायचं काम. मिल गेली, तिथे आता काचेचा टॉवर आहे, पण आईची बोटं अजून पाळीवर आहेत. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"मेल्या, ता काय करतंस?"

"आई, तार भरतोय."

"ह्याला भरणं म्हणतात? आमच्या जॉबर मुकादमाने बघितलं असतं तर कानाखाली दिली असती. हो बाजूला!"

"अगं आई, हे सूत नाही, तांबं आहे. यात टेक्निक असतं."

"सूत काय नि तांबं काय, ढिला गेला की गेला. सर!"

मी सरलो. आईने चष्मा पुसला, पण तारेला हात लावला नाही. आधी ती प्लेट उचलली, वास घेतला, नाक मुरडलं.

"घाणीवर मी काम करीत नाही," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी तेवढ्यात चहा प्यायला खाली उतरलो. (हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी मी चहाला गेल्यावर घडलेल्या आहेत.) वर आलो तर प्लेट चकचकीत! आईने चिंचेने घासून ती देवाच्या ताम्हनासारखी लखलखीत केली होती. आणि तीच चिंच कोळून उरलेले चिंचोके समोर मांडून बसलेली. दहा वेढे झाले की एक चिंचोका उजवीकडून डावीकडे. तिची बोटं बघत राहावीत अशी चालत होती. ना तार ओढली जात होती, ना सैल पडत होती. वेढ्याला वेढा लागून बसत होता, मधून सुई जाणार नाही. ऊर भरून आला हो माझा. आयुष्यभर ही बाई माझ्यासमोर भाकऱ्या थापत आली आणि तिच्या बोटांत हे आहे हे मी पन्नाशीत बघत होतो.

एक कॉइल झाली. मी व्हिडिओ बघून म्हणालो, "आई, पुढची उलट्या बाजूने गुंडाळायची. एक सुलट, एक उलट."

मला वाटलं ती भडकणार, अपशकुन वगैरे काढणार. पण ती मानही वर न करता म्हणाली, "म्हणजे उलटा पीळ. मग आधी सांगायला काय झालं? सुताला पण असतो. बावीस वर्षं काय मी झोपा काढल्या?"

दुपारपर्यंत सगळ्या कॉइल भरून झाल्या. संध्याकाळी सई आली, मीटर लावून तपासलं आणि आजीच्या गळ्यातच पडली.

"आजी, एक नंबर! सगळ्या कॉइल सारख्या!"

"मग? चिंचोका खोटं बोलत नाही," आई म्हणाली.

शनिवारी सकाळी वार्निश लावलं. ते वाळायला ऊन पाहिजे, म्हणून आईने स्टेटर पोडियमवर, म्हणजे इमारतीपुढच्या मोकळ्या फरशीवर, नेऊन मिरच्यांच्या शेजारी ठेवला. एप्रिल महिना, अख्ख्या सोसायटीची मसाल्याची तयारी चाललेली. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी. बारा घरांच्या मिरच्या जुन्या साड्यांवर पसरलेल्या. सोमवारी कांडपवाल्याकडे नंबर लावलेला. त्या लाल गालिच्याच्या कडेला आमचा स्टेटर असा ऐटीत ऊन खात होता, जणू तोही मसाल्यात पडायचा आहे.

सई ड्यूटीवर जाताना तीनदा सांगून गेली, "पप्पा, मी सहाला येते. तोपर्यंत प्लेट बसवायची नाही. मला टायमिंग नीट बघायचंय."

"नाही गं बाई, हात नाही लावणार."

चार वाजता मी हात लावला.

काय करू? स्टेटर वाळला होता. सई घरी येईल तेव्हा गाडी फटफटत दारात उभी आहे, ती "पप्पा!" म्हणून ओरडते, आणि माझ्या पोटातलं ते टोचणं एकदाचं जातं, असं चित्र सकाळपासून डोळ्यांसमोर नाचत होतं. शिवाय अवघड काय होतं त्यात? कुंकवाची अर्धी रेघ इंजिनावर होतीच. प्लेट हातात घेतली तर तिच्यावरही कुंकू होतं, आईच्या घासण्यातूनही टिकलेलं. मी मनात म्हटलं, वा! देवाचं कुंकू ते, असं जातंय थोडंच! दोन्ही कुंकवं समोरासमोर आणली, तीन स्क्रू पिळले, चाक चढवलं, झाकण लावलं. वीस मिनिटांत काम फत्ते. मग गाडीला मिठी मारून लिफ्टने पोडियमवर.

बातमी लिफ्टच्या आधी खाली पोचलेली असावी. मिरच्या परतायला आलेल्या बायका, वॉचमन, शतपावलीला निघालेले चेअरमन पेडणेकर, सगळे जमले. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर सूत्रसंचालकासारखी बसली होती. "तार मी भरली हां," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. वैशाली खांबाआड उभी होती. लग्नाला पंचवीस वर्षं झालीत. अशा वेळी कुठे उभं राहायचं ते तिला कळतं.

मी गाडी गेटकडे तोंड करून उभी केली. समोर मोकळा रस्ता. मागे, बऱ्याच लांब, मिरच्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मी बेजबाबदार माणूस नाही!

"परब, हे पोडियमवर चालणार नाही," पेडणेकर म्हणाले. "बायलॉजमध्ये..."

"एकच मिनिट साहेब, मुलीची शर्यत आहे उद्या."

पहिली किक मारली. किकने मलाच उलटी लाथ घातली! माझी चप्पल उडून वॉचमनच्या केबिनवर गेली.

"ताकद आली गाडीत!" मी लंगडत म्हणालो.

दुसऱ्या किकला खाडकन झटका बसला आणि, काय सांगू, गाडी सुरू झाली! धुराचा लोट, टाळ्या, आईने दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली. आवाज जरा वेगळा येत होता, घोगरा, सर्दी झाल्यासारखा. मी म्हटलं, नवी कॉइल आहे, घसा बसलाय, होईल मोकळा. माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता. आणि त्याच क्षणी गेटमधून सई आत आली. तासभर आधी सुटून आलेली. गाडीचा आवाज ऐकून तिने तोंडावर हात ठेवला. हेच ते चित्र! अगदी मनात होतं तसंच!

"सई!" मी ओरडलो. "बघ, तुझा बाप येतोय!"

पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि निघालो.

सईचा चेहरा मोठा व्हायच्या ऐवजी लहान होत चालला.

मला आधी वाटलं तीच मागे जातेय. मग शेजारून खांब गेला, वैशाली गेली, पेडणेकर गेले, आणि लक्षात आलं की गाडी उलटी धावते आहे! पहिल्या गिअरमध्ये! रिव्हर्स गिअर नसलेली गाडी! आता अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? क्लच दाबावा. मी काय केलं? गाडी मागे जातेय, म्हणजे पुढे जायचा जोर कमी पडतोय असं समजून रेस वाढवली.

"अरे मेल्या, मिरच्यो!" आईची किंकाळी ऐकू आली.

मी बेडगीत शिरलो. तिथून संकेश्वरीत. मागच्या चाकात काकूंची जांभळी साडी गुंडाळली गेली, आणि आम्ही दोघं, गाडी आणि मी, काश्मिरीच्या मऊ ढिगात आडवे झालो. गाडी आडवी होऊनही चालूच! चाक गरगर फिरतंय, मिरच्या कुटून हवेत उडवतंय, आणि सायलेन्सरचा धूर ती पूड व्यवस्थित सगळ्या सोसायटीत पोचवतोय. कांडपवाल्याने सोमवारी दिवसभरात केलं असतं ते काम मी अर्ध्या मिनिटात केलं!

मग शिंका सुरू झाल्या. आधी काकू, मग वॉचमन, मग सगळ्या बायका मिळून. पेडणेकर माझ्याकडे बोट दाखवून "परब, तुमच्यावर..." एवढं म्हणाले आणि त्यापुढची कारवाई सात शिंकांमध्ये वाहून गेली. वरून गॅलऱ्यांतून शिंका येऊ लागल्या, दुसरा मजला, पाचवा, नववा. पोडियमवर न शिंकणारी एकच व्यक्ती होती, माझी आई. ती पदर नाकाला लावून उठली आणि मला सोडून आधी गाडीकडे गेली.

"माझ्या तारेला काय झालं नाही ना?"

सईने धावत येऊन इंजिन बंद केलं. मी डोळे चोळत (हाताला मिरची लागलेली, त्यामुळे ही आणखी एक चूक) म्हणालो, "सई, हे कसं झालं? मी कुंकवाला कुंकू जुळवून बसवली गं!"

"कोणतं कुंकू?" आईने विचारलं.

"अगं, मी खूण केली होती ती! प्लेटवर!"

"ता खूण होती?" आई म्हणाली. "मी चिंचेने घासलं तेव्हा ता गेलं. कुंकू असं पुसायचं म्हणजे जीव कसातरीच झाला. म्हणून काम झाल्यावर दुसरं लावलं. तुझं मेलं एका बाजूला वाकडं होतं. मी छान मध्यावर लावलं. मिलमध्ये दसऱ्याला मशिनीला लावायचे तसं!"

म्हणजे मी टायमिंग लावलं होतं ते आईच्या दसऱ्यावर! सईने तिथेच मिरच्यांत बसून समजावून सांगितलं. ठिणगी पडायची वेळ फारच आधी आली. पिस्टन वर जायच्या आतच ठिणगी पडली आणि तो अर्ध्या वाटेवरून मागे ढकलला गेला. अशी इंजिनं मग उलटीच फिरत राहतात, आणि गिअर टाकला की गाडी इमानदारीत मागे पळते.

वाकलेला क्लचचा दांडा तिने हातात धरला होता. शनिवारचे साडेपाच वाजलेले, सकाळी सहाला टेम्पो येणार, आणि पास्कल अंकल वसईला. ते बघून माझ्यातली सगळी हवा गेली. पोरीने वर्षभर घाम गाळावा आणि बापाने दोन फोकससाठी ते मातीत घालावं!

"सई," मी म्हणालो, "आणखी एक सांगायचंय. कॉइल आपोआप नाही जळली. मी जाळली. दोन फोकस आणि एक हॉर्न लावला होता. मागच्या रविवारी. मला... मला तुला सरप्राइज द्यायचं होतं गं."

बायकांच्या शिंकाही थांबल्या.

"माहितीये पप्पा," सई म्हणाली.

"माहितीये?"

"बुधवारीच कळलं. पोटमाळ्यावर वायरी आहेत. त्यांना मंडळाची गाठ मारलेली आहे. आपल्या घरात ती गाठ दुसरं कोण मारतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तीन दिवस इतकं मनापासून करत होता..." ती म्हणाली, आणि मग एक शिंक, आणि मग ती खळाळून हसायलाच लागली. "शिवाय तुम्ही कुंकवाने खूण केलीत ना, तेव्हाच मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. प्लेटचा. अगदी जवळून."

तिने फोटो दाखवला. इंजिन, प्लेट, स्क्रू आणि माझी वाकडी रेघ, सगळं जागच्या जागी. घरात एवढा भरवशाचा पुरावा असताना मी चार वाजता एकटा देवाच्या हवाली झालो होतो.

पुढचं काम तासाभराचं. मिरच्यांच्या मधोमधच गाडी उघडली. सईने चाक काढलं, फोटो बघून प्लेट फिरवली, स्क्रू आवळले. दांडा सरळ केला. आईने कॉइलवरून बोट फिरवलं, एक वेढा हललेला नव्हता. मग सईने गाडी गेटकडे वळवली, सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं (मला जरा जास्तच मागे), आणि एका किकमध्ये गाडी सुरू केली. पहिला गिअर, आणि गाडी पुढे गेली. पुढे! एवढ्या साध्या गोष्टीला अख्ख्या सोसायटीने टाळ्या वाजवल्या. पेडणेकरांनीसुद्धा वाजवल्या, आणि मग नोटीस लिहायला वर गेले.

मला शिक्षा झाली ती आईकडून. बारा घरांच्या मिरच्या, प्रत्येक मिरची ओल्या फडक्याने पुसायची आणि वेगळी करायची. ज्यांच्या मिरच्यांचा मी भुगा केला त्यांना आमच्या मिरच्या द्यायच्या. त्यामुळे यंदा आमच्याकडे मसाला कमी आणि सांबाऱ्याला चव त्याहून कमी आहे. काकू मात्र अजून म्हणतात, यंदाच्या बांगड्याच्या तिखल्याला कसला तरी वास येतो, पेट्रोल पंपावर जेवल्यासारखा.

रविवारी आम्ही सगळे मैदानावर गेलो. आई डोक्याला रुमाल बांधून पहिल्या रांगेत होती. तिसऱ्या फेरीत सई चिखलात घसरून पडली, गाडी बंद झाली. ती उठली, गाडी उभी केली, एक किक मारली. एकच! आईने भरलेल्या तारेत वीज आली, बरोबर वेळेवर ठिणगी पडली, आणि माझी पोर चिखलाने माखलेली पुढे निघून गेली. आठ जणींत सहावी आली. आई इतकी ओरडली की शेजारच्या माणसाने तिला पाणी दिलं. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. वैशालीने विचारलं तर म्हटलं, "कालची मिरची." तिने तिचा रुमाल दिला.

निघताना सईचा फॉर्म माझ्या हातात आला. 'मेकॅनिक' ह्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'सुलोचना परब, वाइंडिंग खाते.' मी खाली वाचलं आणि छाती फुगली. 'साहाय्यक' ह्या रकान्यात चक्क माझं नाव होतं! पूर्ण नाव, श्री. लावून! मी फॉर्म वैशालीला दाखवला, आईला दाखवला, टेम्पोवाल्यालाही दाखवला. टेम्पोवाल्याने तो नीट वाचला आणि माझ्या नावापुढच्या 'कामाचे स्वरूप' ह्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे सईच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'गाडीपासून वीस फूट लांब उभे राहणे.'

आणि अभिमानाने सांगतो, गाडीच्या बाबतीत मला दिलेलं हे एकमेव काम मी दिवसभर बिनचूक पार पाडलं.